बिननाडीची बाई

परतूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझं मनगट धरलं तेव्हा ते कंपाउंडरला काहीतरी सांगत होते. बोलता बोलता थांबले. बोटं थोडी सरकवली, पुन्हा दाबली. मग म्हणाले, "दुसरा हात द्या."

मी दुसरा हात दिला. तिथंही तसंच. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"आत्ता चक्कर येतेय का?"

"नाही."

"डोळ्यांपुढं अंधारी?"

"आत्ता नाही. मान वर केली की येते."

त्यांनी नर्सबाईंना बोलावलं. बाईंनी माझं मनगट धरलं आणि भाजल्यासारखं सोडलं. मग दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली, सोडली. पारा सरसर खाली उतरला, मध्ये कुठं थबकलाच नाही. कंपाउंडर म्हणाला, मशीन बिघडलं असंल. डॉक्टरांनी तोच पट्टा कंपाउंडरच्या दंडाला लावला. मशीन बराबर होतं.

शेवटी त्यांनी मला चप्पल काढायला सांगितली आणि घोट्याजवळ बोटं ठेवली. तिथं नाडी होती. त्यांनी मोठा श्वास सोडला. "पायाला आहे," ते म्हणाले, "हाताला नाही. बाई, हे मला कळत नाही. उगाच गोळ्या लिहून देणार नाही. औरंगाबादला जा, आणि जल्दी जा."

पुढं मी पुष्कळ डॉक्टर बघितले. पण 'मला कळत नाही' असं सरळ म्हणणारा तो पहिला. त्या दिवशी त्यांनी ताकदीची बाटली देऊन मला घरी पाठवलं असतं, तर आज हे लिहायला मी नसते.

*

माझं नाव कौसल्या. माहेर वाटूरचं, सासर आष्टीचं. आष्टीच्या प्राथमिक शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवत होते. हे तिथल्याच हायस्कुलात गणिताचे शिक्षक. घरात आम्ही दोघं, सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि आमची नंदा. ती तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मी पंचविशीची होते आणि त्याआधी एक दिवस कधी अंथरुणावर पडले नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी अंगात कसकस राहायला लागली. सांधे दुखायचे, वजन उतरलं. सगळे म्हणाले, दुष्काळात अंगावर काही उरलं नाही, भरून येईल. मग हात दुखायला लागले. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना दंड असा भरून यायचा की खडू सुटायचा. आडावर पाणी ओढताना दोन-चार हातांतच पोहरा थांबवावा लागायचा. बाया म्हणायच्या, मास्तरीणबाईला काम नको.

त्या पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन होतं. सगळ्यांनी झेंड्याकडं मान वर केली, मीही केली, आणि झेंड्याचे रंग गेले. आधी सगळं राखेसारखं दिसलं, मग काहीच नाही. शुद्धीवर आले तेव्हा मुलं गोल करून उभी होती आणि हेडमास्तर माझ्या तोंडावर पाणी मारत होते. शाळेतून घरापर्यंत पोचायच्या आतच गावात बातमी झाली, की बाईला दिवस गेले. आत्याबाईंनी त्या दिवशी माझ्यासाठी गोड केलं. तसं काही नाही, हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं.

*

परतूरच्या दवाखान्यातली गोष्ट माझ्या आधी आष्टीत आली. आठवडी बाजाराचा दिवस होता. सायंकाळपर्यंत ओटा बायांनी भरला. ज्याला त्याला माझं मनगट धरून बघायचं होतं. शेजारची एक म्हातारी बराच वेळ चाचपडत राहिली आणि म्हणाली, "खरंच न्हाई की गं. माय, मंग ही बोलती कशी?"

त्या दिवसापासून मी बिननाडीची बाई झाले. कुणी थट्टेनं म्हणायचं, कुणी भ्यायचं. भ्यायलेल्यांचा त्रास जास्त. वेगळ्या राहणाऱ्या जावेला बाळ झालं होतं. तिनं ते माझ्या मांडीवर द्यायचं बंद केलं. कारण सांगितलं नाही, मी गेले की बाळ झोपलेलं असायचं. शाळेत एका बापानं मुलीचं नाव दुसऱ्या वर्गात घाला म्हणून हेडमास्तरांच्या मागं टुमणं लावलं. "बाई चांगल्या हायेत," तो म्हणाला, "पर मेल्या माणसागत हात थंड हायेत म्हणत्यात."

हात थंड होते हे खरंच होतं.

आम्ही बौद्ध. मी लहान असताना आमच्या घरातले देव वडिलांनी टोपलीत घालून नदीला नेले होते. सासरीही तेच. पण आत्याबाई एका दुपारी, हे शाळेत असताना, मला शेजारच्या वस्तीवर एका भगताकडं घेऊन गेल्या. त्यानं माझी नाडी कुणीतरी बांधलीय असं सांगितलं आणि मनगटाला काळा दोरा बांधला. यांनी तो बघितला आणि घरात पहिल्यांदा आवाज चढला.

"आई, आपण हे सगळं सोडलंय ना?"

"आपन देव सोडले," आत्याबाई म्हणाल्या, "पर देवांनी आपल्याला सोडलं का, ते कुनाला ठावं?"

यांनी दोरा तोडला नाही. मीही तोडला नाही. मी शिकलेली, मुलांना शिकवणारी. पण भीती शिकलेल्या माणसालाही होते, आणि मला त्या वेळी भीतीखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. औरंगाबादला जायच्या सकाळी आत्याबाईंनीच तो कात्रीनं कापला. म्हणाल्या, "डाक्टर हसंल तुला."

*

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी छातीला न लावता आधी मानेला लावली. बराच वेळ ऐकलं. मग आपल्या हाताखालच्या मुलांना एकेक करून ऐकायला लावलं. मी मान तिरपी करून बसले होते आणि ती मुलं माझ्या गळ्यात काय ऐकू येतंय ते इंग्रजीत बोलत होती.

डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावलं. मी म्हटलं, "मलाही सांगा. मी शिक्षिका आहे."

त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाले, हृदयातून एक मोठी रक्तवाहिनी निघते. तिच्या फांद्या हातांना जातात आणि मानेतून मेंदूला जातात. तुमच्या फांद्या आतून सुजून बुजत चालल्या आहेत. हाताच्या बुजल्या, म्हणून नाडी लागत नाही. मानेतल्याही अरुंद झाल्या आहेत. त्या बुजल्या तर लकवा होईल, किंवा त्याहून वाईट.

"कशानं झालं?" मी विचारलं.

"माहीत नाही. बहुतेक तुमच्यासारख्या तरुण बायकांनाच होतो हा रोग. का, ते अजून कुणालाच कळलेलं नाही."

मला काहीतरी कारण हवं होतं. काही खाल्लं, काही उचललं, कुणाचा शाप लागला, काहीही चाललं असतं. त्या रोगाला कारण नव्हतं, आणि मला वाटतं त्या दिवशी मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

"आणखी मूल?" यांनी विचारलं.

"बिलकुल नाही. निदान आत्ता तरी नाही."

येताना एस.टी.त हे खिडकीबाहेर बघत होते. जालना गेलं, कापसाची रानं गेली.

गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरवायच्या गोळ्या, पण तोंड मात्र सुजलं. गाल फुगले, मान दिसेनाशी झाली. ज्या बाया ओट्यावर मनगट बघून गेल्या होत्या त्या आता म्हणायच्या, चांगली भरली की गं बाई, बरी झाली. आरशात मला मी ओळखू यायची नाही. आत्याबाईंना मात्र खरंच वाटलं की मी बरी झाले. त्यांना खरं सांगायचं धाडस आमच्यात कुणालाच झालं नाही.

*

मग ती सकाळ. पहिलीचा वर्ग होता. मी फळ्यावरच्या चित्रावर छडी ठेवली आणि 'बदक' म्हणायला तोंड उघडलं. शब्द मला माहीत होता, समोर दिसत होता. तोंडातून वेगळाच काहीतरी आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसाच. मुलांना वाटलं बाई गंमत करतात. तीही तसाच आवाज काढून हसायला लागली. उजव्या हातातली छडी पडली. पहिल्या रांगेतली एक मुलगी माझ्याकडं बघत होती. ती हसत नव्हती. ती रडायला लागली, तेव्हा बाकीची गप्प झाली.

थोड्या वेळानं शब्द परत आले. हातही आला. मी वर्ग सोडून घरी गेले आणि नंदाला समोर उभं करून तिचं नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, म्हणता येतंय का ते बघायला. तिला वाटलं मी रागावले. ती आत्याबाईंच्या पदराआड गेली.

औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, ही सूचना आहे. पुढच्या वेळी शब्द परत येतीलच असं नाही. मुंबईत एक सर्जन हे ऑपरेशन करतात. छाती उघडून मोठ्या रक्तवाहिनीला कापडाची नळी जोडायची आणि ती वर मानेत नेऊन बसवायची, म्हणजे बुजलेला भाग टाळून रक्त वर जातं.

"त्यातून लोक बरे होतात?" मी विचारलं.

"काही होतात. काहींना जे टाळायला ऑपरेशन करायचं, तेच टेबलावर होतं. हे आधी ऐकून ठेवा."

*

माझ्याबरोबर माझी आई आली. आम्ही तिला माय म्हणतो. वाटूरच्या रानांत निंदणं-खुरपणं करत तिचा जन्म गेला. परतूरच्या पुढची रेल्वे तिनं बघितली नव्हती. यांनी आम्हाला छोट्या गाडीनं मनमाडला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला नेलं, दवाखान्यात भरती केलं, आणि रजा संपली म्हणून परत गेले. जाताना नंदाच्या डोक्यावरून फिरवतात तसा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तसं त्यांनी कधी केलं नव्हतं. मला त्याचीच भीती वाटली.

दवाखान्याची सकाळ फार लवकर व्हायची. आधी ताप बघायचा पारा तोंडात, मग चहा, मग झाडूवाल्या, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरी आली की मायनं बाहेर जायचं. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची आणि दार उघडलं की उठायची. दुपारी भेटायला येणारे यायचे. इतर खाटांभोवती गर्दी, माझ्या खाटेपाशी फक्त माय. तिथल्या बायकांशी बोलताना तिची जीभ अडखळायची, पण आठवड्याभरात तिला अर्ध्या वॉर्डाची दुखणी तोंडपाठ झाली.

मानेचे फोटो काढायचा दिवस आला. जांघेतून सुई घालून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत सरकवली आणि तिच्यातून औषध सोडलं. "आता थोडं गरम वाटेल," कुणीतरी म्हणालं. डोक्याच्या आत उकळतं पाणी ओतल्यासारखं झालं. मी ओरडले. एका हातमोज्यातल्या हातानं माझं कपाळ धरलं आणि धरून ठेवलं. तो हात कुणाचा होता ते मला कधीच कळलं नाही. ज्यांना पुढं ही तपासणी करायची असेल त्यांना सांगते, की ती आग खरी असते, पण दहा आकडे मोजायच्या आत विझते.

सर्जननी फोटो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. ते शांत, उंच गृहस्थ होते, मराठी चांगलं बोलायचे. डावीकडं काहीच नव्हतं. ती नळी बंद होती. उजवीकडं एक पांढरा दोरा दिसत होता.

"एवढ्यावर चाललंय?" मी विचारलं.

"एवढ्यावरच चाललंय," ते म्हणाले.

*

शेजारच्या खाटेवर हमीदा होती. मालेगावची, घरात माग. माझ्याहून लहान, लग्न ठरलेलं. तिलाही हाच रोग. त्या वॉर्डात नाडी नसलेल्या आम्ही दोघीच, आणि नव्यानं आलेली नर्स नाडी बघायला आली की हमीदा मला डोळा मारायची आणि गुपचूप हात पुढं करायची. नर्स घाबरली की आम्ही दोघी हसायचो. आष्टीत ज्या गोष्टीचं मला रडू यायचं, तिचं हमीदाजवळ हसू यायचं.

आम्हा दोघींनाही हात वर धरवत नसत. स्वतःची वेणी घालणं जमत नसे. म्हणून मी बसून तिचे केस विंचरायची, हात भरून आला की थांबायची, मग ती माझे विंचरायची. एका वेणीला अर्धी सकाळ जायची. सगळ्या वॉर्डात आमच्याच वेण्या वाकड्या.

"आपा, डर लगता है?" तिनं एकदा विचारलं.

"लगता है."

"मुझे नहीं लगता," ती म्हणाली, आणि घातलेली माझी वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला बसली.

तिचा नंबर आधी लागला. सकाळी ढकलगाडीवर झोपून जाताना तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलली, पण चाकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ऑपरेशन झालं. नळी बसली, रक्त वर गेलं, पण हमीदा शुद्धीवर आलीच नाही. आज येईल, उद्या येईल करत ती गेली.

तिची आई सामान न्यायला वॉर्डात आली. पेटी, एक चादर, चपला. सगळं गोळा करून झाल्यावर ती माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"बेटी," ती म्हणाली, "घर चली जा."

माय तिथंच बसली होती. तिला तेवढी भाषा कळत होती.

*

त्यानंतर मायनं पिशवी भरायला घेतली. माझी लुगडी, तांब्या, सगळं. मी म्हटलं, "माय, काय करून राह्यली?"

"चल घरी. तिच्या मायनं सांगितलं ते ऐकलं न्हाई का तू?"

"घरी जाऊन काय होणार?"

"जेवढं हाय तेवढं तर ऱ्हाईल! लेकराच्या पुढ्यात तर मरशील! हितं ह्या लोकांत, कुनी आपलं न्हाई, अन् मी तुला कुठं घेऊन जाऊ?" ती एकदम खाली बसली आणि तोंडात पदर कोंबला. मायला मी वडील गेले तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं.

मी सर्जनना भेटायचंय असं सांगितलं. फेरीच्या वेळी नाही, वेगळं. त्यांनी भेट दिली.

"हमीदाचं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," ते म्हणाले. "चुकलं असतं तर बरं झालं असतं, पुढच्या वेळी ती चूक टाळली असती. नळी जोडताना मेंदूचं रक्त काही मिनिटं थांबवावं लागतं. काहींचा मेंदू ते सोसतो, काहींचा सोसत नाही."

"माझा सोसेल?"

"मला माहीत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तो दोरा तुम्ही बघितलाय, बाई."

यांना तार गेली. हे दुसऱ्या दिवशी आले, दाढी वाढलेली, डोळे लाल. मी सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागत होती. यांनी कागद बघितला आणि खाटेवर ठेवून दिला.

"मी सही करणार नाही."

"का?"

"मी सही केली अन् तू गेली, तर नंदाला काय सांगू? माझ्या हातानं पाठवली म्हणून सांगू?"

"अन् नाही केली अन् घरी लकवा झाला, मंग काय सांगणार?"

हिशेब जमत नसला की मुलांसमोर ते खडू हातात फिरवत उभे राहतात, तसे उभे राहिले. मी कागद ओढला आणि माझी सही केली. हात भरून यायच्या आत पूर्ण नाव लिहिलं. मग कागद यांच्याकडं सरकवला. बऱ्याच वेळानं यांनी खाली सही केली. अक्षर त्यांचं वाटत नव्हतं.

माय त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिनं माझे पाय चेपले.

*

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. एक गोड, मळमळवणारा वास आणि 'आकडे म्हणा बाई' म्हणणारा आवाज, एवढंच. पाढे शिकवणारी मी, चारच्या पुढं जाऊ शकले नाही.

जाग आली तेव्हा छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. कुणीतरी विचारत होतं, "नाव सांगा. तुमचं नाव काय?"

"कौसल्या." शब्द आला. मला स्वतःलाच ऐकू आला.

"उजवा हात उचला." उचलला.

"डावा."

मी डावा उचलला. मला वाटलं उचलला. सर्जन माझ्या तोंडाकडं न बघता चादरीकडं बघत होते. "पुन्हा एकदा," ते म्हणाले. मी पुन्हा उचलला. मग मी मान वळवून बघितलं. हात चादरीवर जिथं होता तिथंच होता. डावा पायही.

ज्याच्या भीतीनं मुंबईला आले तेच झालं होतं, पण अर्धं. माझं बोलणं वाचलं, समज वाचली, जीव वाचला. सर्जन रोज यायचे आणि त्या हाताला स्वतः टाचणी टोचून बघायचे. एकदा म्हणाले, "मला याहून चांगलं हवं होतं." हमीदाची खाट आता दुसऱ्या बाईला दिली होती आणि मी ती रोज बघत होते.

मायला आत सोडलं तेव्हा तिनं आधी माझा पडलेला हात बघितला. मग वाकली आणि माझ्या मानेवर, टाक्यांच्या कडेला, दोन बोटं ठेवली. तिथं नवी नळी उडत होती. नुसत्या डोळ्यांनाही दिसायची.

"हितं उडून राह्यलंय," ती म्हणाली. तिनं बोटं काढलीच नाहीत. नर्सनं उठवलं तेव्हाच उठली.

*

आष्टीला परत आले ती बैलगाडीतून, फाट्यापासून घरापर्यंत. पाय ओढत चालता येत होतं. नंदा ओट्यावर उभी होती. तिनं मला बघितलं, सुजलेलं तोंड, वाकडी चाल, लोंबणारा हात, आणि आत पळाली. पुढं कितीतरी दिवस ती माझ्या डाव्या बाजूला बसत नसे.

आजारपणाच्या गोष्टी लिहिणारे बरं होणं एका दिवसात लिहितात. माझं तसं झालं नाही. मी चिडायची. ताट फेकलं आहे. माय चार महिने राहिली आणि रानातलं काम सुटलंय म्हणून रडत गेली. आत्याबाई मला न्हाऊ घालायच्या, एकदा मी रडायला लागले तर जोरात अंग घासत म्हणाल्या, "गप. उजवा हाय ना?" त्यांच्या बोलण्यात दया नव्हती, आणि मला तेव्हा दया सोसली नसती. पण जावेला मुलगा झाला होता, आमच्याकडं होणार नव्हता. दारात आलेल्या पाहुण्यांसमोर त्या माझ्याबद्दल बोलताना 'आमची कर्माची' म्हणायच्या. मी आतून ऐकत असे. मरेपर्यंत त्या ते मनातून काढू शकल्या नाहीत.

हे फारसे बोलेनासे झाले. भाऊबंदांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. यांनी काय उत्तर दिलं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसरी बाई घरात आली नाही एवढं खरं. मुंबईत कागदावर सही केल्याचा विषय आमच्यात आजवर निघालेला नाही.

साधारण वर्षानं मी पुन्हा शाळेत गेले. हेडमास्तरांनी खुर्ची दिली आणि फळ्याऐवजी पाटीवर शिकवू दिलं. पाय बराच सुधारला. हाताची बोटं मिटतात, उघडत नाहीत. ज्यांना असं होईल त्यांनी पहिले महिने वाया घालवू नयेत. दुखलं तरी पडलेला हात रोज दुसऱ्या हातानं हलवावा. मी रागात तो नुसता पदराखाली लपवून ठेवला, आणि बोटं तशीच आखडली.

*

गेल्या आठवड्यात अंबडकडच्या एका खेड्यातून एक धनगर बाप आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडं आला. मेंढ्या विकून आता शेती करतो. मुलगी पंधरा-सोळाची, नाव साळू. औरंगाबादच्या डॉक्टरांनीच माझा पत्ता दिला होता. तिचंही मनगट मुकं.

मी सगळं सांगितलं. आग सांगितली, हमीदा सांगितली, माझा हात दाखवला. काही लपवलं नाही. बाप ऐकता ऐकता खाली बघायला लागला.

"मंग बाई, करू का नको?"

"ते मी सांगू शकत नाही, दादा. मी फक्त काय झालं ते सांगते."

तो तंबाखू मळायला बाहेर गेला. साळू माझ्या आखडलेल्या बोटांकडं बघत बसली होती. मग तिनं हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला भाकरी थापता येती का?"

"न्हाई गं. एका हातानं भाकरी होत न्हाई."

"मंग घरात भाकरी कोन करतं?"

मी दाराकडं हात केला. आत चुलीपुढं हे बसले होते, सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, तोंडाला पीठ लागलेलं. पाहुणे जेवायला थांबणार म्हणून त्यांनी परातीत पीठ जास्त घेतलं होतं. आता त्यांची भाकरी फुगते. सुरुवातीला नकाशे व्हायचे, आणि आडावर बाया हसायच्या, की मास्तर भाकरी बडवतो. हे त्याबद्दलही कधी काही बोलले नाहीत.

साळू दारातून वाकून बराच वेळ बघत राहिली.

"मास्तर?" तिला खरं वाटेना.

"मास्तर."

बाप आत आला. "काय ठरलं गं?"

"जायाचं," ती म्हणाली.

जेवून ते परतूरच्या गाडीला गेले. काल सकाळी तिला मुंबईत भरती केलं असेल. अजून काही कळलेलं नाही.